दोन वाट्या राय

अण्णांनी बाटलीवर रेघ मारलीय. पेन्सिलीनं, लेबलाच्या कडेला, आणि शेजारी तारीख. तुम्ही म्हणाल, घरात कुणावर संशय आलाय की काय? छे हो! त्या घरात घेणारे ते एकटेच. मुलगा आणि सून फळांच्या रसापलीकडं जात नाहीत, आणि काकू तर बाटली दिसली की पदर नाकाला लावतात. रेघेमागं वेगळीच भानगड आहे. सांगते, बसा.

आम्ही राहतो सिनसिनाटीच्या उत्तरेला, ओहायोत. नदी ओलांडली की केंटकी, नदीच्या काठानं पश्चिमेला गेलं की इंडियाना. आमच्या आणि अण्णांच्या परसात कमरेएवढं लाकडी कुंपण आहे आणि त्यावर चार बोटं रुंद फळी. उन्हाळाभर त्या फळीवरून इकडची अळूची पानं तिकडं जातात, तिकडचं थालीपीठ इकडं येतं. बातम्याही त्याच वाटेनं जातात, म्हणा.

अण्णा सांगली भागातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होते. उभा जन्म मळीच्या वासात गेला. निवृत्तीनंतर मुलाकडं आले आणि आमचे शेजारी झाले. मी इथं खाण्यापिण्याचे स्वाद बनवणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर कागदाच्या पट्ट्या नाकाशी धरायच्या आणि हा वास कशाचा ते लिहायचं. म्हणजे कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पगारी नाकं!

तर झालं असं, की समोरच्या गोऱ्या शेजाऱ्यानं मला सल्ला दिला, "बोर्बन सगळेच घेतात, तू राय घेऊन बघ. स्वस्त असते, पण मिजास बघ तिची." मी शुक्रवारी दोन बाटल्या आणल्या. ओहायोत असल्या दारूचा दर सरकारी. या दुकानात जा की त्या दुकानात, पैसे तेवढेच. एक 'ओल्ड ओव्हरहोल्ट', वीस डॉलरच्या आसपास. दुसरी 'रिटनहाउस', अठ्ठावीसची.

शनिवारी संध्याकाळी फळीवर ठेवल्या, तर काकू आधी ओरडल्या, "राई? अगं बाई, मोहरीची दारू? ती फोडणीला की प्यायला?"

"राई नव्हं गं, राय," अण्णा म्हणाले. "गव्हाची चुलतबहीण. हलक्या रानात, कडाक्याच्या थंडीत येतंय ते पीक. गहू जिथं मान टाकतोय तिथं हे उभं राहतंय. उगाच राईचा पर्वत करू नकोस."

आणि खिशातून भिंग काढून ते बाटलीची पाठ वाचायला लागले. अण्णांचं एक आवडतं वाक्य आहे: पुढचं लेबल म्हणजे जाहिरात, पाठचं लेबल म्हणजे जबाब.

इथल्या कायद्यात राय व्हिस्की म्हणायची तर धान्यात निदान ५१ टक्के राय लागते. बाकी मका म्हणा, जव म्हणा, काहीही चालतं. मुरवायची ती ओकच्या नव्या कोऱ्या पिंपात, आणि पिंप आतून जाळून कोळसा केलेलं. 'स्ट्रेट' लिहायचं तर दोन वर्षं तरी पिंपात काढायला हवीत. रिटनहाउस त्या ५१ वरच उभी आहे.

"म्हणजे काठावरचं बहुमत," अण्णा म्हणाले. "आपल्याकडच्या सरकारासारखं. पण चाललंय की!"

मग त्यांनी मला मळी आणि धान्यातला फरक समजावला, तोही काकूंच्या भाषेत. मळीत साखर आयतीच असते. पाणी घाला, यीस्ट घाला, फसफसायला लागते. धान्यात साखर नसते, पीठ असतं. त्या पिठाची साखर करायला मोड आणलेलं जव लागतं. आपण नाचणीला मोड आणून सत्त्व करतो ना, तेच शास्त्र. आणि राय तर भारी खोडकर. तिचं पीठ गरम पाण्यात कालवलं की भेंडीसारखी तार सुटते, फेस वर येतो, भांडं ऊतू जायला बघतं. मक्याचं पीठ तेवढा त्रास देत नाही. म्हणून राय करणारा कारागीर हातचं राखून बोलत नाही, शिव्या देतो, असं अण्णांचं मत.

"आमच्याकडं काय व्हायचं, ठाऊक आहे का? मळीचा स्पिरिट कॉलममधनं असा घासूनपुसून काढायचा, की ९६ टक्के दारू आणि वास शून्य. ईएनए म्हणतात त्याला. त्यात थोडं माल्ट, थोडा रंग, थोडा स्वाद घातला की झाली व्हिस्की. बिनवासाचं करण्यातच आमची करामत. आणि ही माणसं ८० टक्क्यांच्या वर जाऊच देत नाहीत. धान्याचा वास राहिला पाहिजे, असा कायदाच केलाय."

युरोपात मळीच्या दारूला व्हिस्की म्हणूच देत नाहीत, हे त्यांना माहीत आहे. त्याचं त्यांना वाईटही वाटत नाही. "खरं तेच आहे," म्हणतात, "ती रमची धाकटी बहीण. आम्ही तिला दुसऱ्याचं आडनाव लावलं."

रिटनहाउसवर आणखी दोन-तीन शब्द होते आणि अण्णांचं भिंग तिथंच अडकलं: 'बॉटल्ड इन बाँड'. हा कायदा १८९७ चा. त्या काळी इथले दलाल दारूत वाटेल ते मिसळून जुनी म्हणून विकायचे. म्हणून सरकारनं ठरवलं, की एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, सरकारी कुलपाच्या गोदामात निदान चार वर्षं मुरलेली आणि बरोबर ५० टक्क्यांची असेल, तरच हे शब्द लिहायचे. कुठल्या भट्टीवर गाळली त्याचा नंबरही छापायचा. या बाटलीवर होता: डीएसपी-केवाय-१, म्हणजे केंटकीतल्या लुईव्हिलची बर्नहाइम डिस्टिलरी, हेवन हिल कंपनीची. बार्ड्सटाउनची त्यांची स्वतःची भट्टी १९९६ च्या नोव्हेंबरात जळाली, सात गोदामं गेली, आणि पुढं १९९९ मध्ये ही घेतली.

"१०० प्रूफ लिहिलंय," मी म्हणाले.

"इथं प्रूफ म्हणजे टक्क्याची दुप्पट. आपल्याकडचं गणित इंग्रजाचं. २५ यूपी, म्हणजे २५ अंडर प्रूफ, म्हणजेच ४२.८ टक्के. आपल्या बाटल्यांवर तो ४२.८ चा आकडा बघितलाय नव्हं? तिथनं आलाय."

बघितलाय हो, बाबांच्या बाटलीवर कितीदा बघितलाय. तो असा तिरपागडा आकडा का, हे कळायला मला ओहायोत कुंपणाशी उभं राहावं लागलं.

आता या दोघींच्या घराण्याची गोष्ट ऐका, कारण खरी गंमत तिथंच आहे. दोघी माहेरच्या पेनसिल्व्हेनियाच्या, नांदतात मात्र केंटकीत. रिटनहाउस हे नाव फिलाडेल्फियातल्या चौकाचं. ओव्हरहोल्ट हे पश्चिम पेनसिल्व्हेनियातल्या मेनोनाइट शेतकऱ्यांचं आडनाव. मूळ जर्मन वळणाची माणसं, राय पेरायची आणि उरलेली गाळायची. बाटलीवर जो म्हातारा रोखून बघतोय तो एब्राहम ओव्हरहोल्ट. त्याचा नातू हेन्री क्ले फ्रिक आजोबांच्या डिस्टिलरीत हिशेब लिहायचा, आणि पुढं कोळसा-पोलादाचा कुबेर झाला. फ्रिकचा मित्र अँड्र्यू मेलन, बँकवाला. त्याचाही धंद्यात वाटा होता. १९२० साली देशभर दारूबंदी आली, आणि १९२१ मध्ये हाच मेलन अर्थमंत्री झाला. दारूबंदी राबवायचं खातं कुणाकडं? अर्थमंत्र्याकडं!

"बघा," अण्णा फळीवर थाप मारून म्हणाले, "आणि आपण उगाच आपल्या लोकांना नावं ठेवतो."

दारूबंदीत ओव्हरहोल्टला औषधी दारू विकायचा परवाना होता. डॉक्टरची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात जायचं आणि दहा दिवसांतून एक पाइंट आणायची. हे ऐकल्यावर अण्णांनी पाकिटातून एक घडीचा, कडा झिजलेला कागद काढला. महाराष्ट्रातला दारू पिण्याचा परवाना! १९४९ चा मुंबईचा दारूबंदी कायदा आजही आपल्याकडं आहेच. परवाना मिळतो तो प्रकृती सांभाळण्यासाठी. काकू पटकन म्हणाल्या, "प्रकृती सांभाळायला! आणि बीपीच्या गोळ्या कशाला घेता मग?" अण्णांनी कागदाची घडी पुन्हा नीट घातली.

आणि हो, वॉशिंग्टनसुद्धा! जॉर्ज वॉशिंग्टन म्हणतेय मी. राष्ट्राध्यक्षपद सोडल्यावर माउंट व्हर्ननला त्यानं डिस्टिलरी काढली, आणि १७९९ मध्ये तिथं जवळजवळ ११ हजार गॅलन व्हिस्की निघाली. ६० टक्के राय, ३५ टक्के मका, ५ टक्के मोड आणलेलं जव. म्हणजे या देशाची मूळची व्हिस्की ही. बोर्बनचा बोलबाला नंतरचा.

गेल्या रविवारी मी अण्णांना इंडियानातल्या लॉरेन्सबर्गला नेलं होतं. पाऊण तासाचा रस्ता. तिथं एक मोठी जुनी डिस्टिलरी आहे, पूर्वी सीग्रामची होती, आता एमजीपीची. ९५ टक्के राय आणि ५ टक्के जव ही तिची नामांकित कृती. अण्णांनी काच खाली केली, डोळे मिटले आणि म्हणाले, "वॉश तयार होतोय." वॉश म्हणजे गाळायच्या आधीचं आंबवण. आता या एका कारखान्यातली राय कितीतरी ब्रँड आपापल्या बाटलीत भरतात. बुलिट, रिडेम्शन, डिकेल, टेम्पलटन, ही सगळी नावं कधी ना कधी त्यातलीच.

"म्हणजे पुण्यातल्या डब्यांसारखं," मी म्हणाले. "पोळीभाजी एकाच बाईंची, डबा ज्याचा त्याचा."

"आणि ज्याचा डबा चांदीचा, त्याचे पैसे जास्त," अण्णा म्हणाले.

यात चोरी नाही, बरं का. पाठच्या लेबलावर बारीक अक्षरात 'डिस्टिल्ड इन इंडियाना' लिहावंच लागतं. वाचणारा वाचतो.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक डॉक्टर राहतात. आपलेच, मराठी. त्यांच्या दिवाणखान्यात काचेचं कपाट आहे आणि आत स्कॉचच्या बाटल्या खोक्यांसकट. दिवाळीला त्यातली एक निघते आणि कागदी पेल्यात कोकबरोबर जाते. परवा त्यांना अण्णांनी सहज विचारलं, "तुमची स्कॉच मुरते कशात?" डॉक्टर म्हणाले, "ओक." अण्णा म्हणाले, "ते खरं, पण कुणाच्या?" खरी गोष्ट अशी, की बोर्बनला आणि रायला नवं पिंप लागतं, एकदा वापरलं की ते पुन्हा चालत नाही. मग ती पिंपं जातात स्कॉटलंडला. बहुतेक स्कॉच आमच्या केंटकीच्या उतरवलेल्या पिंपातच म्हातारी होते. डॉक्टर त्या दिवसापासून आमच्या कुंपणाकडं फिरकले नाहीत.

असो. चाखायचं राहिलंच की.

निमुळत्या तोंडाचा काचेचा पेला घ्यावा, हे मला कामामुळं माहीत. पण अण्णा म्हणाले, स्टीलच्या वाट्या आणा. स्टीलमध्ये रंगाचा भरवसा नाही, म्हणजे डोळ्यांची लबाडी बंद. काकूंनी आमच्याकडं पाठ करून ओतली आणि एका वाटीच्या बुडाला कुंकवाचा ठिपका लावला. कुठली कुठली, ते फक्त त्यांनाच ठाऊक.

पहिला नियम: नाक वाटीत खुपसायचं नाही. असल्या कडक दारूचा भपकारा एकदम घेतला, तर नाक अर्धा तास संपावर जातं. वाटी हनुवटीशी धरायची, तोंड किंचित उघडं ठेवायचं आणि श्वास हळू घ्यायचा. डाव्या वाटीत आधी पुदिना आला, मग लिंबाची साल, मग शहाजिरं. कोरडी, टोकदार. उजवीत काकवी, जळलेली साखर, व्हॅनिला. आणि त्यामागून लवंग. दातांच्या डॉक्टरकडं खुर्चीत बसल्यावर येतो ना, तो वास. तो लवंगेतल्या युजेनॉलचा, आणि तेच युजेनॉल ओकच्या लाकडातही असतं.

मी ठामपणे सांगितलं, "डावी टोकदार, म्हणजे ५० टक्क्यांची रिटनहाउस. उजवी मऊ, ती ओव्हरहोल्ट."

काकूंनी वाट्या उलटसुलट करून बघितल्या आणि हसायला लागल्या. साफ चूक! वीस वर्षं वासाची नोकरी आणि हा निकाल.

"वास गोड आला म्हणून ताकद कमी, असं नसतंय, ताई," अण्णा म्हणाले. "हात पुढं करा."

त्यांनी दोन्ही तळव्यांवर दोन-दोन थेंब टाकले आणि चोळायला लावले. डिस्टिलरीत असंच करायचे म्हणे. दारू उडून जाते, आणि मागं जे राहतं ते खरं. डाव्या तळव्यावर ओलसर गवताचा वास क्षणभर राहिला आणि गेला. उजव्या तळव्यावर लवंग, लाकूड आणि काकवी मुक्कामाला होती. काकूंनी लांबूनच माझा हात हुंगला आणि म्हणाल्या, "हा बिर्याणीच्या डब्याचा, आणि हा गुऱ्हाळाचा." माझ्या प्रयोगशाळेत हे लिहायला मला दोन पानं लागली असती.

जिभेवर म्हणाल, तर ओव्हरहोल्ट हलकी. मिरीची चिमूट जिभेच्या शेंड्यावर, मग थोडी गोडी, आणि लगेच निरोप. वाईट काही नाही; उलट लिंबू, साखर, बर्फ घालून काही करायचं तर तिचा तो तिखटपणा उपयोगी. रिटनहाउस जाड. आधी गोड, मग दालचिनी-लवंग, आणि शेवटी घशाखाली जी ऊब राहते ती सांगलीतल्या थंडीत शेकोटीशी बसल्यासारखी. हे शेवटचं अण्णांचं. मी सांगली थंडीत बघितलेली नाही.

तिच्यात नुसती घेताना जाळ आहे, हे खरं. दोन छोटे चमचे पाणी घातलं आणि जाळ बसला, संत्र्याची साल वर आली. इथं अण्णांमधला केमिस्ट जागा झाला. कुंपणाच्या फळीवर पेन्सिलीनं गणित मांडलं: ५० टक्क्यांची ७५० मिली. तिला ओव्हरहोल्टच्या ४३ टक्क्यांवर आणायचं, तर होते ८७२ मिली. म्हणजे १२२ मिली पाणी आपण आपल्या नळाचं घालायचं, त्याचे पैसे कंपनीला द्यायचे नाहीत. त्या हिशेबानं अठ्ठावीसची बाटली चोवीसला पडली. आठ डॉलरचा फरक चारावर आला. पाऊस येईपर्यंत ते गणित फळीवर होतं.

मी मध्येच म्हणाले, की पिंपातून दर वर्षी काही टक्के दारू हवेत उडून जाते, केंटकीत त्याला 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. अण्णा थक्कच झाले. "दर वर्षी? आणि कुणी विचारत नाही? अहो, आमच्याकडं प्रत्येक पाळीला टाकीत काठी बुडवून माप घ्यायचं, रजिस्टरला लिहायचं. एवढी घट दाखवली असती, तर एक्साइजवाल्यानं नोटीस काढली असती. देवदूताच्या नावानं कसली घट लावताय!"

ती रेघ तिथूनच आली. सवय. काकूंनी आठवड्याला ६० मिली मंजूर केलीत, दर शनिवारी, एवढीच. ७५० ची बाटली साडेबारा शनिवार जायला हवी. अण्णा प्रत्येक शनिवारी रेघ मारतात, म्हणजे हिशेब चोख.

आता निकाल. त्या रात्री गप्पांच्या नादात दोन्ही वाट्या फळीवरच राहिल्या, न धुतलेल्या. सकाळी चहा घेऊन बाहेर आले, तर अण्णा तिकडून आधीच उभे. दोघांनी एकेक वाटी उचलली. ओव्हरहोल्टच्या वाटीला दव आणि स्टीलचा वास. कुंकवाच्या ठिपक्याच्या वाटीला अजून गुऱ्हाळ. आम्ही एकमेकांकडं बघितलं, आणि अण्णा म्हणाले, "पास."

तेव्हा ऐका. पाहुण्यांसाठी काही मिसळून करायचं असेल, तर वीसवाली पुरे. एकट्यानं, थोडं पाणी घालून, सावकाश घ्यायची असेल, तर वरचे आठ डॉलर घाला. शंभर डॉलरची घ्यायचीच असेल, तर आधी तिची पाठ वाचा, आणि घेतल्यावर पेला रात्रभर धुऊ नका. सकाळी हुंगा.

आणि अण्णांची बाटली? काल गुपचूप जाऊन बघितली मी. तीन शनिवार, तीन रेघा. पहिली दोन अंतरं सारखी आहेत. तिसरं थोडं जास्त आहे. काकूंना सांगू नका.